प्रस्तावना : काच राखायची की बदलायची?

नगरच्या सावेडी उपनगरात दुकानाची काच तडकली की मालक आधी काचवाल्याला फोन करतो आणि आधी किंमत विचारतो. नवी केवढ्याला पडेल, आणि नाही बदलली तर चालेल का? प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो पहिला असू नये. हे पुस्तक मुख्यतः एवढंच सांगण्यासाठी लिहिलं आहे. काच कोणत्या जातीची आहे, ती का तडकली आणि खाली आली तर कुणाच्या अंगावर येईल, या तीन गोष्टी कळल्याशिवाय दुरुस्ती की बदल हे ठरवता येत नाही. त्या कळल्या की किमतीचा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सोपा होतो.

या प्रश्नाचा विचार सावेडीत बसून करावा याला कारण आहे. नगर शहर १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहानं वसवलं. २०२४ मध्ये त्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं, तरी बोलण्यात अजून 'नगर'च येतं. शहराचा जुना व्यापार कापड बाजार आणि दाळमंडईच्या गल्ल्यांत वाढला. तिथं दुकानाची दर्शनी बाजू म्हणजे आधी लाकडी फळ्या आणि मागाहून लोखंडी शटर. दिवसा दुकान सताड उघडं, रात्री बंद. गिऱ्हाईक आणि मालाच्या मध्ये काच नव्हती. सावेडी वेशीबाहेर, नगर-मनमाड रस्त्याच्या अंगानं वाढली, आणि ती वाढली तोवर दर्शनी काच नसलेलं दुकान जुनाट वाटू लागलं होतं. प्रेमदान चौक, प्रोफेसर कॉलनी, गुलमोहर रस्ता, पाइपलाइन रस्ता, कुठंही उभं राहा. खाली कपड्यांची, चष्म्यांची, मोबाइलची दालनं. वर रुग्णालय, बँक, क्लास. आणि समोरच्या अंगाला तीन-चार मजले निळसर किंवा हिरवट परावर्तक काच. याच सावेडीतल्या भिस्तबाग महालासारख्या निजामशाही वास्तू जाड भिंती आणि कमानींवर भागवत होत्या. आपण त्याच उन्हात काचेच्या भिंती उभ्या केल्या आहेत.

नगरचं ऊन सौम्य नाही. जिल्हा पर्जन्यछायेत येतो, हवा कोरडी आहे, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हिवाळ्यात रात्री चांगलाच खाली उतरतो. मनमाड रस्ता साधारण उत्तरेकडे जातो, त्यामुळे दुतर्फा इमारतींची तोंडं बहुतांशी पूर्वेला किंवा पश्चिमेला असतात. एका बाजूच्या काचेवर सकाळचं ऊन थेट येतं, दुसऱ्या बाजूच्या काचेवर दुपारनंतरचं. काचेचा मधला भाग तापतो, पण चौकटीत बुडालेली कड थंड राहते. साध्या काचेत मध्य आणि कड यांच्या तापमानात तीस-चाळीस अंशांचा फरक पडला की ती कडेपासून तडकू शकते. म्हणून अशा तडा जाण्याच्या घटना भर उन्हाळ्यातच होतात असं मानू नये. डिसेंबरातली गारठलेली रात्र आणि त्यानंतरचं स्वच्छ ऊन हा साध्या काचेसाठी जास्त अवघड काळ असतो. त्यात दुकानदारानं उन्हाला कंटाळून साध्या काचेवर गडद फिल्म चिकटवलेली असली, आतून कागदी जाहिरात लावलेली असली किंवा एसीचा झोत थेट काचेवर सोडलेला असला, तर तडा जाण्याची तयारी आपणच करून ठेवलेली असते. वावटळीत सुटलेला फ्लेक्स, गारपीट, ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा ही कारणं डोळ्यांना दिसतात. उष्णतेचा तडा दिसत नाही, आणि मग 'आपोआप फुटली' असं म्हणून विषय संपवला जातो.

महाराष्ट्राचा काचेशी संबंध जुना आहे, पण तो सपाट काचेचा नव्हता. तळेगाव दाभाडे इथं १९०८ मध्ये पैसा फंडातून काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली आणि टिळकांनी तिला बळ दिलं. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. प्रभाकर कंदील त्यांचाच. स्वदेशीच्या काळातली ही काच बाटलीची, चिमणीची, कंदिलाची. खिडकीला लावायची मोठी, सपाट, लाट नसलेली काच बाहेरून यायची आणि महाग असायची. आपल्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी दारं आणि गज असत. काच असलीच तर वरच्या झडपेत, वीतभर. ती फुटली की सुतार पट्टी काढून दुसरी बसवायचा. दुरुस्ती की बदल हा प्रश्न तेव्हा नव्हताच, कारण तुकडा लहान होता आणि फुटला तरी कुणाच्या जिवावर बेतत नव्हतं.

चित्र पालटलं ते फ्लोट काचेमुळे. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीत अॅलिस्टर पिल्किंग्टन यानं वितळलेल्या कथिलाच्या तळ्यावर वितळलेली काच तरंगवायची पद्धत विकसित केली आणि १९५९ मध्ये ती जाहीर झाली. दोन्ही बाजू सपाट, घासायची गरज नाही, हवी तेवढी लांबी. भारतात ही काच गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात बनू लागली. आपल्याकडे तळोजा, गुजरातेत अंकलेश्वर, आणि २००० मध्ये तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूर इथं भट्ट्या पेटल्या. त्यानंतर जिल्ह्याच्या गावांत मोठी काच सहज मिळू लागली. सावेडीचा काचेचा चेहरा या गोष्टीतून आला आहे. काच स्वस्त झाली, मोठी झाली, उंचावर गेली. तिच्याबद्दलचं ज्ञान मात्र वाड्याच्या झडपेपाशीच राहिलं. सुतार गेला, अॅल्युमिनियम फॅब्रिकेटर आला. तो चौकट उत्तम करतो, पण चौकटीतली काच कशी वागते हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. दोष त्याचा नाही. मराठीत त्याच्यासाठी काही लिहिलंच गेलं नाही.

नवख्या वाचकानं सर्वांत आधी काचेच्या जाती ओळखायला शिकावं, कारण निम्मा निर्णय तिथंच होतो. साधी काच हिरकणीनं कापता येते, भोक पाडता येतं, आणि तिला तडा गेला की तो तसाच राहतो किंवा हळूहळू सरकतो. फुटली की तिचे लांब सुऱ्यासारखे तुकडे होतात. टफन काच म्हणजे हीच काच सुमारे ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोतानं झटकन थंड केलेली. बाहेरचे थर आधी आवळतात, गाभा मागाहून. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि आतला भाग ताणाखाली राहतो. म्हणून ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट ताकदीची असते, आणि म्हणूनच एकदा ताण सुटला की सगळ्याच्या सगळ्या काचेचा लाह्यांसारखा चुरा होतो. टफन केल्यावर ती कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. यातून एक अगदी कामाची खूण मिळते: काचेत तडा गेलेला आहे आणि काच जागेवर उभी आहे, तर ती टफन नाही. 'टफन काचेतला तडा भरून देतो' असं कुणी म्हणत असेल तर त्याला काम देऊ नये.

या खुणेचा दुसरा अर्थ जास्त गंभीर आहे. दुकानाच्या दारात, पायऱ्यांशेजारी, मुलांच्या क्लासच्या पार्टिशनमध्ये तडा गेलेली, लॅमिनेटेड नसलेली काच उभी दिसली, तर तिथं मुळात चुकीची काच बसवलेली आहे. अशा ठिकाणी काच बदलायची म्हणजे तीच परत बसवायची नव्हे. माणूस जिथं धडकू शकतो तिथं टफन किंवा लॅमिनेटेड काचच हवी. भारतीय मानक आयएस १६२३१ चा चौथा भाग याच विषयाला वाहिलेला आहे, आणि सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ आहे. टफन काचेच्या कोपऱ्यात कायमचा शिक्का असतो. नवी काच घेताना तो बघून घ्यावा, आणि शिक्का नसेल तर काच परत पाठवावी.

लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो. फ्रेंच रसायनतज्ज्ञ एदुआर बेनेदिक्तुस याच्या हातून एक चंबू पडला, तडकला, पण आतल्या वाळलेल्या थरामुळे त्याचे तुकडे विखुरले नाहीत. त्यातून त्याला ही कल्पना सुचली आणि १९०९ मध्ये त्यानं तिचं पेटंट घेतलं. ही काच फुटली तरी पापुद्र्याला धरून राहते. म्हणून डोक्यावरच्या छतासाठी, उंच मजल्यांवर, कठड्यांना ती योग्य. दुरुस्तीला खऱ्या अर्थानं वाव आहे तो हिच्यात. मोटारीच्या पुढच्या काचेला खडा लागून उडालेला टवका रेझिन भरून, अतिनील प्रकाशात घट्ट करून बुजवतात. तीच युक्ती इमारतीच्या लॅमिनेटेड काचेवर चालते. पण टवका नाण्याएवढा, फक्त बाहेरच्या थरात आणि कडेपासून लांब असेल तरच. लांब तडा रेझिननं दिसेनासा होतो, ताकद परत येत नाही.

दुहेरी काच, ज्याला बाजारात डीजीयू म्हणतात, ही सावेडीतल्या नव्या रुग्णालयांत आणि कार्यालयांत हल्ली दिसते. दोन काचा, मध्ये बंद हवा, कडेच्या पट्टीत ओलावा शोषणारे दाणे. कडेचं सील गेलं की आत वाफ धरते आणि ती बाहेरून पुसता येत नाही. बारीक भोकं पाडून ती वाफ बाहेर काढून देणारे लोक परदेशात आहेत. वाफ जाते, पण बंद हवेचा जो उपयोग होता तोही जातो. अशा वेळी चौकट ठेवावी आणि काचेचं युनिट बदलावं, असं या पुस्तकाचं स्पष्ट मत आहे.

ओरखड्यांचा प्रश्न वेगळा. शेजारी बांधकाम चालू असताना काचेवर ओघळलेलं सिमेंटचं पाणी, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, साफ करणाऱ्यानं पत्तीनं खरवडलेल्या रेघा. सिमेंटचं पाणी अल्कधर्मी असतं, ते काचेचा पृष्ठभाग खातं. दुसऱ्या दिवशी धुतलं तर निघतं, महिन्यानं निघत नाही. उथळ ओरखडे सीरियम ऑक्साइडनं घासून घालवता येतात. त्याला वेळ लागतो आणि हात सराईत हवा, कारण एकाच जागी जास्त घासलं की तिथून पलीकडचं दृश्य वाकडं दिसतं. ओरखड्यावरून नख फिरवून बघावं. नख अडकलं तर पॉलिशच्या भानगडीत पडू नये. आणि ओरखडा केवळ डोळ्यांना खुपत असेल, काचेला धोका नसेल, तर काहीच न करणं हाही एक पर्याय आहे. तो कुणी सुचवत नाही, कारण त्यात कुणाची कमाई नाही.

या विषयात विचारांच्या तीन धारा आहेत आणि त्या एकमेकींशी फारशा बोलत नाहीत. पहिली काचवाल्यांची. तिची पद्धत म्हणजे माप घ्या, नवी बसवा. लहान खिडकीसाठी ती आजही बरोबर आहे. तिची अडचण कारण न शोधण्यात आहे. चौकटीत काच बसवताना खाली, दोन्ही टोकांपासून साधारण पाव अंतरावर, रबराचे ठोकळे ठेवायचे असतात, म्हणजे काचेची कड धातूला टेकत नाही. ते ठोकळे सरकले असतील किंवा एखादा स्क्रू आत आला असेल, तर नवी काचही त्याच कोपऱ्यातून तडकते. मग मालक काचेला दोष देतो आणि तिसरी काच मागवतो. चौकटीच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात. ती धुळीनं बुजली की पाणी साचतं, लॅमिनेटेड काचेच्या कडेला पापुद्रा सुटू लागतो, डीजीयूचं सील कुजतं. अशा वेळी काचेइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त, दुरुस्ती चौकटीची लागते. एक बारीकशी सूचना इथंच देतो: काम चालू असताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल तर ते सिलिकॉन लॅमिनेटेड काचेच्या किंवा डीजीयूच्या कडेला वापरू देऊ नका. तिथं न्यूट्रल सिलिकॉनच लागतं.

दुसरी धारा जतन करणाऱ्यांची. मुंबई विद्यापीठाची ग्रंथालयाची इमारत आणि राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाले. २०१३ ते २०१५ या काळात त्यांची दुरुस्ती झाली आणि तिथल्या रंगीत काचांचं काम स्वाती चांदगडकर यांनी केलं. अशा कामात तावदान उतरवून प्रत्येक तुकड्याला क्रमांक देतात, जुनं शिसं काढून नवं घालतात, तडकलेला तुकडा शक्यतो जोडतात आणि जो गेलाच आहे त्याच्याच जागी नवा बसवतात. बदल हा इथं शेवटचा उपाय. सावेडीच्या परावर्तक काचेला हा नियम जसाच्या तसा लावायचं कारण नाही. पण या लोकांची एक सवय प्रत्येक दुकानदारानं घ्यावी अशी आहे: हात लावण्याआधी फोटो, माप आणि नोंद.

तिसरी धारा अभियंत्यांची, आणि तिच्याकडे दोन मोठ्या अनुभवांचं भांडवल आहे. बॉस्टनमधल्या जॉन हॅनकॉक टॉवरची रचना आय. एम. पेई यांच्या कार्यालयातल्या हेन्री कॉब यांची. १९७३ च्या जानेवारीत, इमारत अजून अपुरी असताना, वादळात तिच्या काचा सुटून पडू लागल्या. फुटलेल्या जागी प्लायवूड ठोकलं गेलं. होता होता इमारतीचा मोठा भाग प्लायवूडचाच दिसू लागला. खाली रस्ते बंद ठेवावे लागत. तपासात कळलं की दुहेरी काचेच्या कडेचा शिशाचा जोड फार ताठ होता. उष्णतेनं आणि वाऱ्यानं काच हलायची, जोड हलायचा नाही, आणि ताण थेट काचेत जायचा. म्हणजे दोष एका काचेचा नव्हता, सगळ्यांचा होता. अखेर सर्व १०,३४४ काचा काढून तिथं एकेरी टफन काच बसवली गेली. एकेक काच बदलत राहिले असते तर ते काम कधीच संपलं नसतं. सावेडीतल्या चार मजली इमारतीत एका वर्षात तिसरी काच फुटते तेव्हा हाच प्रश्न विचारायचा असतो: ही काच फुटते आहे की ही पद्धत फुटते आहे?

दुसरा अनुभव मेलबर्नचा. तिथल्या आयसीआय हाउस या १९५८ मध्ये पूर्ण झालेल्या इमारतीच्या टफन काचा कारण नसताना फुटू लागल्या. सीएसआयआरओ या तिथल्या संशोधन संस्थेतल्या बॅलंटाइन यांनी १९६१ मध्ये त्याचं मूळ काचेतल्या निकेल सल्फाइडच्या सूक्ष्म कणात दाखवून दिलं. टफन करताना काच झटकन थंड होते, त्यामुळे हा कण उच्च तापमानाच्या रूपातच अडकून राहतो. पुढं महिन्यांनी किंवा वर्षांनी तो मूळ रूपात येताना किंचित फुगतो, आणि ताणाखालच्या गाभ्यात तेवढंही पुरतं. 'आपोआप फुटली' हे वाक्य टफन काचेबाबत कधीकधी अक्षरशः खरं असतं ते यामुळे. चुरा चौकटीतच अडकून राहिला असेल तर झाडू मारण्याआधी बघावं. जिथून फूट सुरू झाली तिथं दोन मोठे तुकडे फुलपाखराच्या पंखांसारखे शेजारी दिसतात. त्यांचा फोटो असेल तर पुरवठादाराशी बोलताना आपली बाजू भक्कम होते. नवी काच मागवताना 'हीट सोक' केलेली मागावी. त्या प्रक्रियेत काच भट्टीत सुमारे २९० अंशांवर ठेवतात, म्हणजे सदोष काच बहुधा तिथंच फुटते, आपल्या दारात फुटत नाही. थोडे जास्त पैसे पडतात. फुटपाथवर झुकलेल्या दर्शनी भागासाठी ते द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

गेल्या काही वर्षांत आणखी एक बाजू पुढं आली आहे, ऊर्जेची. काचेची भट्टी दीड हजार अंशांहून जास्त तापलेली असते आणि वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालू राहते. एकेक चौरस फूट काच त्या उष्णतेतून येते. काढलेल्या जुन्या काचेची, तिच्यावरचा लेप, चिकटलेला पापुद्रा आणि सिलिकॉन यांमुळे, सहसा परत सपाट काच होत नाही. ती भरावात जाते किंवा कचरा डेपोवर. चांगली काच केवळ रंग जुना झाला म्हणून उतरवणं मला पटत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. पश्चिमेकडची एकेरी काच एसीचं बिल दर उन्हाळ्यात वाढवत असेल, तर ती फुटेल तेव्हा जास्त चांगल्या काचेकडे जाण्याची संधी असते. फुटलेल्या जागी जुनीच जात पुन्हा बसवण्याआधी हा हिशेब करावा.

पैशाच्या बाबतीत दोन गोष्टी लोकांना माहीत नसतात. दुकानदारांसाठीच्या विमा पॉलिसीत प्लेट ग्लासचं वेगळं कलम घेता येतं, पण बहुतेक पॉलिसींत काच पूर्ण जाडीभर फुटली तरच भरपाई मिळते. ओरखडा किंवा टवका त्यात येत नाही. आणि भाड्याच्या गाळ्यात दुरुस्ती कुणी करायची यावर जे भांडण होतं, त्याचं उत्तर आधी करारनाम्यात बघावं. करारात वेगळं ठरलेलं नसेल आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ त्या जागेला लागू असेल, तर कलम १४ प्रमाणे जागा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्यानं किमान पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतरही हात हलवला नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भिंतीएवढ्या काचेचा खर्च या मर्यादेत बसेलच असं नाही, म्हणून नवा करार करताना काचेचं कलम वेगळं लिहून घ्यावं.

हा विषय आत्ताच निकडीचा का झाला, तेही सांगतो. सावेडीतल्या काचेच्या इमारतींची पहिली पिढी आता म्हातारी होते आहे. सिलिकॉन, रबरी गॅस्केट, डीजीयूचं सील या गोष्टींचं आयुष्य काचेपेक्षा फार कमी असतं. पंधरा-वीस वर्षांत त्या थकतात. काच शाबूत दिसते आणि तिला धरून ठेवणारं सगळं निकामी होत जातं. वजनाचा अंदाज घ्या. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो भरतं. सात फूट उंच, तीन फूट रुंद, बारा मिलिमीटरचं दार साठ किलोच्या आसपास जातं. खाली क्लास सुटल्यावर मुलं सायकली काढत असतात, रुग्णांचे नातेवाईक वडापावच्या गाडीशी उभे असतात. दुसऱ्या मजल्यावरच्या सैल काचेचा निर्णय मालकाच्या सोयीनं पुढं ढकलता येत नाही.

शिवाय मधल्या काळाचा प्रश्न कायम विसरला जातो. टफन काच मापानुसार बनवून घ्यावी लागते, ती त्याच दिवशी मिळत नाही. तडा गेल्यापासून नवी काच येईपर्यंतचे दिवस सर्वांत धोक्याचे. तेव्हा आतून-बाहेरून पारदर्शक चिकटपट्टी किंवा सुरक्षा फिल्म, खाली दोरी बांधून अडवलेली जागा, उंचावर असेल तर काच उतरवून प्लायवूड. याला आम्ही तिसरा निर्णय म्हटलं आहे, आणि पुस्तकात त्याला दुरुस्ती आणि बदल यांच्याइतकंच स्थान दिलं आहे.

पुस्तकाचा आवाका मुद्दाम मर्यादित ठेवला आहे. हे अभियंत्यांचं पाठ्यपुस्तक नाही. वाऱ्याच्या भाराची गणितं आणि स्ट्रक्चरल ग्लेझिंगची रचना तज्ज्ञांकडूनच करून घ्यावी, आणि कुठं तज्ज्ञ बोलवायलाच हवा ते मात्र आम्ही ठिकठिकाणी सांगितलं आहे. हे लिहिलं आहे दुकानदारांसाठी, व्यापारी संकुलाच्या सोसायटीच्या चिटणिसांसाठी, रुग्णालयाच्या व्यवस्थापकांसाठी, आणि त्या फॅब्रिकेटरसाठी ज्याच्या हातात सावेडीतलं जवळजवळ सगळं काम असतं. भाषा त्याच्या कामाची ठेवली आहे: टवका, चरा, कड, सेक्शन, बीडिंग, पॅच फिटिंग. एखादा शब्द बाजारात इंग्रजी असेल तर तो तसाच घेतला, कारण दुकानात जाऊन तोच मागायचा आहे. उदाहरणं नगरच्या हवेतली आणि नगरच्या रस्त्यांवरची आहेत, पण कऱ्हाड, जालना किंवा परभणीच्या वाचकाला ती परकी वाटणार नाहीत.

मतांच्या बाबतीत आम्ही हात आखडता घेतलेला नाही. जिथं बदलावंच लागतं तिथं तसं लिहिलं आहे: दारातल्या टफन काचेचा कोपरा उडालेला, डोक्यावरची साधी काच, सील गेलेली दुहेरी काच, कडेपर्यंत पोचलेला तडा. जिथं राखता येते तिथंही तसंच: उथळ ओरखडा, लॅमिनेटेड काचेवरचा लहान टवका, थकलेलं गॅस्केट, बुजलेली भोकं, सरकलेले ठोकळे. या दोन्हींच्या मधल्या प्रकरणांत कारण शोधल्याशिवाय निर्णय घेऊ नये, आणि कारण कसं शोधायचं यावर पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग खर्च झाला आहे.

वाचकांना एक विनंती. पुढची पानं उलटण्याआधी आपल्या इमारतीतल्या काचांची यादी करा: कोणती काच कुठं आहे, किती जाडीची, कोपऱ्यात शिक्का आहे की नाही, कधी बसवली, कुणी बसवली, खाली माणसांची ये-जा आहे का. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ती यादी हातात घेऊन प्रत्येक काचेसमोर उभे राहा, आणि जिथं शंका वाटेल तिथं त्याच दिवशी खालची जागा अडवा.